उन्हाळी हॉकी ही हिवाळ्याची शेपूट नव्हे

अमेरिका-कॅनडात मार्च अर्धा सरला की आइस हॉकी खेळणाऱ्या मुलांच्या घरी स्प्रिंग लीगच्या, म्हणजे वसंतातल्या बिगरहंगामी लीगच्या, ईमेल येऊन थडकतात. हिवाळी हंगामातले शेवटचे सामने अजून उरकायचे असतात, पण ‘जागा मोजक्याच, शुक्रवारपर्यंत डिपॉझिट भरा’ असा तगादा सुरू झालेला असतो. बहुतेक पालक फारसा विचार न करता पैसे भरून मोकळे होतात. त्यामागे हौस असते, पण त्याहून जास्त धास्ती असते. आपलं मूल उन्हाळ्यात बर्फावर उतरलं नाही तर बाकीची पुढे निघून जातील आणि पुढच्या हंगामात संघातली जागा हातची जाईल, असं वाटत राहतं. ज्या पालकांनी स्वतः कधी स्केट बांधलेले नाहीत (आपल्या मराठी घरांतले बहुतेक पालक यातच मोडतात) त्यांच्या मनात ही धास्ती लवकर घर करते, कारण कोच किंवा टीम मॅनेजर सांगतो ते पडताळून पाहायला त्यांच्याकडे स्वतःचं काही मोजमाप नसतं.

ते मोजमाप अवघड नाही. हिवाळ्यात जे मिळत नाही ते बिगरहंगामी लीगमधून मुलाला मिळालं पाहिजे. पक (खेळायची रबरी चकती) स्टिकपाशी जास्त वेळ राहिला पाहिजे, हरण्याजिंकण्याचं ओझं नसताना नवं काही करून बघायची मोकळीक मिळाली पाहिजे, आणि उन्हाळ्यात सलग काही आठवडे रिंकचं तोंडही पाहावं लागू नये. यातलं काहीच न देता तोच संघ, तोच कोच आणि तीच गुणतक्त्याची चढाओढ एप्रिल ते जूनमध्ये पुन्हा भरवणारी लीग कितीही नावाजलेली असली तरी नाकारावी, असं माझं स्पष्ट मत आहे. पण नकार देणं पालकाला परवडलं पाहिजे, आणि त्यासाठी स्थानिक हॉकी संघटनांनी आपले नियम बदलायला हवेत.

सुट्टीपासून सुरुवात करतो, कारण वेळापत्रकात सगळ्यात आधी कात्री तिलाच लागते. अमेरिकन अकॅडमी ऑफ पेडियाट्रिक्स या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने २०१६ साली दिलेलं मार्गदर्शन असं आहे: मुलाला त्याच्या मुख्य खेळापासून वर्षभरात एकूण किमान तीन महिने सुट्टी हवी, ती एकेका महिन्याच्या तुकड्यांत घेतली तरी चालते, हंगाम चालू असतानाही आठवड्यातून एक-दोन दिवस मोकळे हवेत, आणि एकाच खेळाला वाहून घेणं साधारण १५-१६ वर्षांपर्यंत लांबवावं. हॉकीत या सल्ल्याला जास्तच वजन आहे. स्केटिंग करताना मांडी बाहेरच्या बाजूला रेटायची आणि पुन्हा आत ओढायची ही एकच हालचाल हंगामात हजारो वेळा होते, आणि ती वाढीच्या वयात खुब्याच्या सांध्यावर येते. मांडीच्या हाडाच्या गोल डोक्यापाशी जादा हाड वाढून ते खुब्याच्या खोबणीच्या कडेवर घासण्याचा त्रास हॉकी खेळणाऱ्यांत जास्त दिसतो, असं वैद्यकीय अभ्यासांतून पुढे आलं आहे. तेरा वर्षांचं मूल जांघेत दुखतंय म्हणालं की ‘स्नायू ओढला गेला असेल’ म्हणून आपण सोडून देतो. ते दुखणं दोन-तीन आठवड्यांच्या विश्रांतीनेही गेलं नाही, किंवा गुडघा छातीशी घेऊन आत वळवताना कळ आली, तर लीगचा विचार बाजूला ठेवून आधी खेळाडूंच्या दुखापती बघणाऱ्या डॉक्टरकडे जावं.

तीन महिने कुठून काढायचे? समजा हिवाळी हंगाम मार्चच्या मध्याला संपला. तिथून एप्रिलअखेरपर्यंतचे सहा आठवडे स्केट बॅगेतच राहू द्यावेत. मे-जूनमध्ये आठ आठवड्यांची, आठवड्याला एकदा किंवा फार तर दोनदा खेळवणारी लीग घ्यावी. जुलैची सुरुवात ते ऑगस्टचा मध्य हे पुन्हा सहा आठवडे मोकळे. मग पाय सैल करायला एखादं छोटं शिबिर आणि सप्टेंबर. सहा आणि सहा, बारा आठवडे झाले. जिथे नव्या हंगामाच्या ट्रायआउट (संघासाठीच्या निवड चाचण्या) एप्रिल-मेमध्येच होतात तिथे पहिला तुकडा ट्रायआउटनंतर घ्यावा लागतो, आणि मग स्प्रिंग लीग घ्यायलाच नको, कारण हिवाळा, ट्रायआउट आणि लीग यांची माळ लागली तर मुलाला जूनपर्यंत श्वास घ्यायला जागा उरत नाही. मिनेसोटात युवा संघांच्या ट्रायआउट शरद ऋतूत होतात. तिथल्या पालकांना हा पेच तेवढा पडत नाही.

या सुट्टीत दुसरा खेळ खेळता येतो. कॅनडाच्या संसदेने १९९४ साली कायदा करून हॉकीला हिवाळी राष्ट्रीय खेळ आणि लॅक्रॉसला (जाळी लावलेल्या काठीने चेंडू झेलत-फेकत खेळायचा खेळ) उन्हाळी राष्ट्रीय खेळ ठरवलं. हॉकीतला नामांकित खेळाडू वेन ग्रेट्स्की लहानपणी उन्हाळ्यात बेसबॉल आणि लॅक्रॉस खेळत असे. लॅक्रॉसमध्ये, त्यातही बंदिस्त मैदानातल्या बॉक्स लॅक्रॉसमध्ये, दाटीत चेंडू सांभाळणं, पाठीवर बचावपटू घेऊन वळणं, साथीदार कुठे सरकेल याचा अंदाज बांधणं हे सगळं हॉकीसारखंच असतं आणि खुब्याला मात्र वेगळी हालचाल मिळते. फुटबॉल, पोहणं, टेनिस यांनीही हेच साधतं. हे ‘हॉकी सोडणं’ आहे असं मुलाला किंवा स्वतःला वाटू देण्याचं कारण नाही.

आता लीग निवडायचीच असं ठरलं, तर बहुतेकांचा पहिला प्रश्न असतो की कुठल्या दर्जाची आहे, ‘ए’ की ‘डबल ए’. मी आधी वेळ मोजायला सांगेन. पूर्ण बर्फावर पाच विरुद्ध पाच खेळणाऱ्या संघात १५ स्केटर (गोलकीपर सोडून बाकीचे खेळाडू) आहेत आणि सामना १५ मिनिटांच्या तीन भागांचा आहे असं धरा. ४५ मिनिटं गुणिले ५, भागिले १५. प्रत्येकाच्या वाट्याला १५ मिनिटं. उन्हाळी लीगमध्ये घड्याळ सहसा न थांबता चालतं, त्यामुळे पक बाहेर गेला, रेफरीने शिट्टी वाजवली, पुन्हा फेसऑफ झाला (दोघांमध्ये पक टाकून खेळ सुरू झाला), तो वेळही या १५ मिनिटांतूनच जातो. आणि हा हिशेब कोचने सगळ्यांना सारखं खेळवलं तरचा.

तीन विरुद्ध तीनच्या लीगमध्ये संघात ८ स्केटर आणि ४० मिनिटांचा खेळ असेल तर ४० गुणिले ३, भागिले ८, म्हणजे पुन्हा १५ मिनिटंच. मग फरक काय? २०० बाय ८५ फुटांच्या बर्फावर दहा स्केटर असतात तेव्हा एकेक मूल बराच वेळ पकच्या मागे-पुढे नुसतं धावत असतं. रिंकच्या आडव्या पट्ट्यात सहाच स्केटर असले की पक दर काही सेकंदांनी कुणा ना कुणाच्या स्टिकवर येतो, वळायला जागा कमी, विचार करायला वेळ कमी, आणि चूक झाली तर पुढच्या दहा सेकंदांत ती सुधारायची संधी समोर. यूएसए हॉकी या अमेरिकेतल्या राष्ट्रीय हॉकी संघटनेने २००९ मध्ये आणलेल्या अमेरिकन डेव्हलपमेंट मॉडेलमध्ये आठ वर्षांपर्यंतच्या मुलांना आडव्या बर्फावर खेळवायचा आग्रह धरला तो याच कारणाने, आणि हॉकी कॅनडा या कॅनडातल्या तशाच संघटनेनेही सगळ्यात लहान गटांसाठी हाच मार्ग घेतला. पण छोट्या बर्फावरही एक गोम असते. लीग चालवणारे जास्त फी मिळावी म्हणून संघात १२ जणांना घेतात. हिशेब पुन्हा करा: ४० गुणिले ३, भागिले १२, फक्त १० मिनिटं. म्हणून नाव नोंदवण्याआधी ‘संघात जास्तीत जास्त किती स्केटर?’ हे लेखी विचारावं. तीन विरुद्ध तीनला ८ किंवा ९ पर्यंत ठीक, त्यापुढे नको.

दुसरा प्रश्न शिफ्टचा, म्हणजे मूल एका खेपेला बर्फावर उतरतं तेवढ्या वेळाचा. चांगल्या छोट्या लीगमध्ये दर ६० ते ९० सेकंदांनी भोंगा वाजतो आणि दोन्हीकडची मुलं पक तिथेच सोडून बेंचवर येतात. कोचच्या मर्जीचा प्रश्नच उरत नाही. भोंग्याची पद्धत नसेल, तर समान वेळ देण्याचा लेखी नियम आहे का ते पाहावं. ‘साधारण सगळ्यांना खेळवतो’ हा नियम होत नाही.

पैशाचा हिशेबही मिनिटांतच करावा. आकडे केवळ उदाहरणादाखल घेतो. एका स्प्रिंग संघाची फी १,५०० डॉलर, चार स्पर्धांतले मिळून १६ सामने आणि ८ सराव. तीन स्पर्धा बाहेरगावी, प्रत्येकी दोन रात्री, रात्रीला १८० डॉलर, म्हणजे हॉटेलचे १,०८० वेगळे. एकूण २,५८०. सामन्यात मुलाला १२ मिनिटं मिळाली तर १९२ मिनिटं, आणि सरावाच्या तासात ते खरोखर हलतं-धावतं तो वेळ अर्धा धरला तर आणखी २४० मिनिटं. ४३२ मिनिटांना २,५८० डॉलर, म्हणजे मिनिटाला जवळजवळ सहा. गावातली तीन विरुद्ध तीनची लीग ३०० डॉलर, १० सामने, प्रत्येकी १५ मिनिटं, तर मिनिटाला दोन डॉलर. पेट्रोल, बाहेरचं खाणं, स्पर्धेच्या दारावरचं तिकीट, आणि सक्तीची नवी जर्सी-ट्रॅकसूट हे मी धरलेलंच नाही. काही स्पर्धांत तर आयोजकांनी ठरवलेल्या हॉटेलातच राहायची अट असते, ओळखीच्यांकडे मुक्काम करायची सोय असली तरी. ही अट फी भरण्याआधी पत्रकाच्या तळाशी शोधावी.

यूएसए हॉकीच्या मॉडेलमध्ये लहान गटांसाठी एका सामन्यामागे साधारण तीन सराव असं प्रमाण सुचवलेलं आहे. वरच्या उदाहरणात दोन सामन्यांमागे एक सराव पडतो. शनिवार-रविवारी चार-पाच सामने खेळलेल्या मुलाच्या पायात रविवारी दुपारी त्राण नसतं. ते वाकून खेळायचं सोडून ताठ उभं राहतं, स्टिक एका हातात धरतं, आणि तीच सवय अंगवळणी पडते.

लीगची खरी ओळख पत्रकावरून होत नाही. मागच्या हंगामाचे किंवा चालू लीगचे सामने बघायला रिंकवर जावं, आणि काचेला नाक न लावता बेंचच्या समोरच्या बाजूला वर बसावं. गोल करणाऱ्या मुलाकडे पाहू नये. संघातलं मध्यम, नाव कुणाला आठवणार नाही असं एक मूल निवडावं आणि फोनच्या स्टॉपवॉचवर फक्त त्याचा बर्फावरचा वेळ मोजावा. किती शिफ्ट मिळाल्या, पक किती वेळा स्टिकला लागला याच्या रेघा कागदावर ओढाव्यात. मग बेंचच्या दरवाजाकडे लक्ष द्यावं. शेवटची दोन मिनिटं, एका गोलाचा फरक: दरवाजाशी असलेला कोच पुढच्या मुलाला जायला सांगतो, की हात आडवा घालून थांबवतो आणि लाडक्या तिघांना पुन्हा पाठवतो? पक गमावून परत आलेल्या मुलाशी तो काय बोलतो? त्याच्या कानाशी वाकून काही दाखवतो, की वरून ओरडतो? मेच्या एका गुरुवारी, ज्या सामन्याचा निकाल ऑगस्टपर्यंत कुणाच्या लक्षातही राहणार नाही, तिथे हात आडवा घालणारा कोच दिसला तर ती लीग घेऊ नका.

गोलकीपरचं गणित वेगळं, आणि त्याकडे कुणी नीट पाहत नाही. तीन विरुद्ध तीनमध्ये गोलकीपरवर एकामागून एक एकट्याने चाल करून येणारे खेळाडू सुटतात, मदतीला बचाव जवळजवळ नसतो. थोड्या प्रमाणात हे चांगलं, पण आठवड्याला तीन वेळा हेच झालं तर तो जागा धरून उभं राहायचं विसरतो आणि प्रत्येक फटक्याला आधीच गुडघ्यांवर बसू लागतो. दोन्ही गुडघे आत वळवून बसण्याच्या त्या बटरफ्लाय पवित्र्याने खुब्यावर सगळ्यांत जास्त ताण येतो, म्हणून गोलकीपरला सुट्टी इतरांपेक्षा जास्तच हवी. शिवाय गोलकीपर कमी पडतात म्हणून त्यांना कमी फीत किंवा फुकट घेऊन एकाच दिवशी दोन-दोन संघांकडून खेळवलं जातं. फुकट आहे म्हणून हो म्हणू नये. संघात दोन गोलकीपर असून अर्धा-अर्धा सामना वाटून घेत असतील तर बरं, आणि आठवड्यातून एकदा तरी गोलकीपरच्या कोचबरोबर वेगळा सराव असेल तर उत्तम.

वयोगटाची एक अडचण बऱ्याच पालकांना मे महिन्यातच कळते. हॉकीत गट बहुतेक ठिकाणी जन्मवर्षावरून, १ जानेवारीपासून ठरतात, आणि स्प्रिंग लीगमध्ये बहुधा पुढच्या हंगामाचा गट धरतात. म्हणजे १०यू (दहा वर्षांपर्यंतच्या) गटात दुसरं वर्ष खेळलेलं मूल एप्रिलमध्ये एकदम १२यूमध्ये जातं. दोन जन्मवर्षं एकत्र असली तर डिसेंबरातलं मूल जवळपास दोन वर्षांनी मोठ्या मुलासमोर उभं राहतं. १२यूमधून १४यूमध्ये जाताना हे धोक्याचंच ठरू शकतं, कारण मुलांच्या खेळात अंगाने धडक देणं, म्हणजे बॉडी चेकिंग, तिथून सुरू होतं. यूएसए हॉकीने चेकिंगचं वय २०११-१२ च्या हंगामापासून १२यूवरून १४यूवर नेलं आणि हॉकी कॅनडाने २०१३ मध्ये तोच निर्णय घेतला. दोन्हीकडे कारण एकच होतं, लहान मुलांच्या डोक्याला होणाऱ्या दुखापती. ज्याला धडक कशी घ्यायची, कठड्यापासून किती अंतर ठेवायचं, डोकं वर कसं ठेवायचं हे कुणी शिकवलेलं नाही, त्याने पहिली धडक एखाद्या वसंत स्पर्धेत खावी हे मला मान्य नाही. या वळणावरच्या मुलासाठी चेकिंग नसलेली किंवा एकाच जन्मवर्षाची लीगच घ्यावी. मुलींच्या गटांत चेकिंग नसतं, पण मुलगी मुलांच्या संघातून खेळत असेल तर हाच प्रश्न तिलाही लागू होतो.

आता सगळ्यांत महत्त्वाचं आणि सगळ्यांत कमी विचारलं जाणारं: लीगला मान्यता कुणाची? अमेरिकेत यूएसए हॉकीचं वार्षिक सदस्यत्व ३१ ऑगस्टपर्यंत चालतं. हिवाळ्यात भरलेलं सदस्यत्व उन्हाळ्यातही लागू असतं, पण त्याबरोबर येणारा अपघात विमा फक्त यूएसए हॉकीच्या मान्यतेखालच्या सरावाला आणि सामन्यांना लागतो. तोही तुमच्या घरच्या आरोग्य विम्याच्या वरचा, पूरक विमा असतो. एएयू (अमॅच्युअर ॲथलेटिक युनियन) ही हॉकीचे संघ आणि स्पर्धा नोंदवणारी वेगळी संस्था. तिचं सदस्यत्व वेगळं, विमा वेगळा. कॅनडातही हॉकी कॅनडाचा विमा फक्त तिच्या मान्यतेच्या उपक्रमांना मिळतो, आणि तिथले बरेच स्प्रिंग संघ त्या मान्यतेच्या बाहेर चालतात. ओळखायची खूण सोपी आहे. नोंदणी अर्जात मुलाचा यूएसए हॉकी किंवा हॉकी कॅनडाचा नोंदणी क्रमांक मागितलाच नसेल, तर लीग बहुधा मान्यतेबाहेरची असते. मग तिचा स्वतःचा विमा आहे का, कुठल्या कंपनीचा, खेळाडूचा वैद्यकीय खर्च त्यात येतो की फक्त लीगवर दावा झाला तर लीगचा बचाव होतो, हे विमापत्राची प्रत मागवून पाहावं. प्रत द्यायला टाळाटाळ झाली तर उत्तर मिळालं असं समजावं.

विम्यापेक्षा मोठी गोष्ट माणसांची आहे. अमेरिकेत खेळणाऱ्या मुलांना शोषणापासून जपणारा सेफ स्पोर्टचा कायदा फेब्रुवारी २०१८ मध्ये लागू झाला. यूएसए हॉकीच्या कोचला पार्श्वभूमीची तपासणी आणि सेफस्पोर्टचं प्रशिक्षण लागतं. लॉकर रूमवर जबाबदार प्रौढाची देखरेख हवी, कोचने मुलाबरोबर एकांतात थांबू नये, मुलाला खासगी मेसेज पाठवू नयेत, हे नियमही असतात. कॅनडात ‘रिस्पेक्ट इन स्पोर्ट’चं प्रशिक्षण याच हेतूने असतं. मान्यतेबाहेरच्या लीगवर या यंत्रणेचा अधिकार चालत नाही. एखाद्याला यूएसए हॉकीने निलंबित केलं असलं तरी बाहेरच्या स्प्रिंग संघाचा तो कोच होऊ शकतो, आणि ते तुम्हाला कुणी सांगणार नाही. म्हणून लीग मान्यतेबाहेरची असेल तर तीन प्रश्न लेखी विचारायचे: कोचची तपासणी कोण करतं, लॉकर रूममध्ये कोण असतं, तक्रार कुणाकडे करायची. तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर ‘माझ्याकडेच’ असं मालकाकडूनच आलं, तर तिथे मूल ठेवू नये.

डोक्याला मार लागल्यावर काय करायचं याचेही नियम उन्हाळ्यात सैल पडतात. संशय आला की त्या दिवशी पुन्हा बर्फावर नाही, मग डॉक्टरची परवानगी, आणि एकेका पायरीला किमान २४ तास देत टप्प्याटप्प्याने परत येणं, ही पद्धत आता सर्वमान्य आहे. कॅनडातल्या ओंटारियो प्रांतात २०१८ चा रोवन्स लॉ हा कायदा यासाठीच झाला. रविवारी संध्याकाळी अंतिम सामना आणि बेंचवर नऊच मुलं अशी वेळ आली तर खेळायचं की नाही हे कोण ठरवणार, ते लीगने आधीच सांगितलेलं असावं. साधनांबाबत थोडक्यात: यूएसए हॉकीने १ ऑगस्ट २०२४ पासून १८ वर्षांखालच्या खेळाडूंना मानेचं संरक्षक कवच सक्तीचं केलं, ॲडम जॉन्सन हा खेळाडू ऑक्टोबर २०२३ मध्ये इंग्लंडमधल्या सामन्यात मानेला स्केटचं पातं लागून मरण पावल्यानंतर हा विषय ऐरणीवर आला होता. लीगने आग्रह धरला नाही तरी ते घालावंच. हेल्मेटच्या मागच्या बाजूच्या प्रमाणपत्राच्या स्टिकरवर मुदत संपल्याची तारीख असते, तीही उन्हाळ्यात एकदा पाहून घ्यावी.

रिंकचीही पाहणी हवी. दमट हवेत बर्फ मऊ पडतो, कोपऱ्यांत पाणी साचतं, काचेवर धुकं धरतं. दोन सामन्यांमध्ये बर्फ नव्याने गुळगुळीत करतात का, की सलग तीन सामने त्याच खरवडलेल्या बर्फावर उरकतात, हे विचारावं. त्याहून गंभीर म्हणजे हवा. गॅसवर चालणाऱ्या बर्फ सपाट करणाऱ्या यंत्रातून कार्बन मोनॉक्साइड आणि नायट्रोजन डायऑक्साइड बाहेर पडतात, आणि बाहेरची दमट हवा आत येऊ नये म्हणून पंखे बंद ठेवले की ते बर्फाच्या पातळीवर, नेमके मुलांच्या श्वासाच्या उंचीवर, साचतात. मॅसॅच्युसेट्स, मिनेसोटा आणि ऱ्होड आयलंड या राज्यांत रिंकमधल्या हवेची तपासणी कायद्याने बंधनकारक आहे. इतरत्र आपणच विचारायचं. यंत्र विजेवरचं असेल तर ही चिंता जवळपास मिटते. खेळून आल्यावर अनेक मुलांचं डोकं एकाच वेळी दुखू लागलं किंवा खोकला लागला, तर तो थकवा आहे असं धरून चालू नये.

आपल्याकडच्या घरांना नेहमी नडणारी गोष्ट म्हणजे भारतवारी. शाळेला सुट्टी लागली की चार-पाच आठवडे भारतात जायचं ठरलेलं असतं, आणि दहा सामन्यांच्या लीगमधले चार त्यातच बुडतात. बुडालेल्या सामन्यांचे पैसे परत देणारी लीग विरळाच. काही ठिकाणी अर्धी नोंदणी किंवा बदली खेळाडू म्हणून नाव घालायची सोय असते. ती जाहिरातीत नसते, विचारली की मिळते. डिपॉझिट कधीपर्यंत परत मिळेल ती तारीख, आणि दुखापत झाली तर उरलेल्या फीचं काय, हे दोन्ही विमानाची तिकिटं काढण्याआधी लेखी घ्यावं.

माझ्या मताला विरोध करणारे म्हणतील की स्केटिंग हे कौशल्य वर्षभर घासावं लागतं आणि उशिरा सुरुवात केलेल्या मुलाला उन्हाळाच तेवढा मिळतो. यात तथ्य आहे. नवव्या-दहाव्या वर्षी पहिल्यांदा बर्फावर उतरलेल्या मुलाला उन्हाळ्यात बर्फ मिळायलाच हवा. पण त्याला स्पर्धांचा संघ उपयोगाचा नाही, कारण तिथे ते बेंचवर बसेल. आठवड्याला एक स्केटिंगचा वर्ग आणि एक ‘स्टिक अँड पक’चं मोकळं सत्र, जिथे थोडे पैसे भरून तासभर आपापलं खेळता येतं, यातून ते स्प्रिंग संघापेक्षा कितीतरी जास्त शिकेल. हॉकीशिवाय करमतच नाही अशा मुलालाही हाच मार्ग, कारण त्याला खेळ हवा असतो, गुणतक्ता नाही. मुलींच्या बाबतीत मी थोडा सैल आहे. जिथे हिवाळ्यात मुलींचा संघच उभा राहत नाही, तिथे वसंतात चार गावांच्या मुली एकत्र येऊन खेळतात, आणि त्या सोबतीची किंमत मिनिटांत मोजता येत नाही. पंधरा-सोळानंतर गणित बदलतं हेही खरं. पण ओएचएलसारख्या (ओंटारियो हॉकी लीग) ज्युनियर लीगची खेळाडूंची निवडही त्याच वयाला होते, त्याआधी नाही. एडमंटनच्या वेस्ट एडमंटन मॉलमध्ये दर जुलैला दहा वर्षांच्या मुलांची ब्रिक स्पर्धा रंगते आणि तिच्यासाठी वसंतात निवडक संघ बांधले जातात. असं आमंत्रण मोजक्या मुलांना येतं आणि एखाद्या कुटुंबाने ते हौसेने स्वीकारावंही. ते न आलेल्या हजारो मुलांचा उन्हाळा मात्र त्याच साच्यात ओतायचं कारण नाही.

तरीही पालक फी भरत राहतील, जोवर हिवाळ्याचा संघ निवडणारा माणूसच वसंतातला संघ पैसे घेऊन चालवतो आहे. ‘सक्ती नाही, पण आलात तर मुलाची ओळख होईल’ असं तो म्हणतो, आणि पालकांना काय कळायचं ते कळतं. एकट्या पालकाने इथे धीर दाखवावा ही अपेक्षा अन्यायाची आहे, कारण किंमत त्याच्या मुलाला मोजावी लागते. बऱ्याच स्थानिक संघटना ना-नफा तत्त्वावर चालतात आणि त्यांच्या वार्षिक सभेत पालकांना मत असतं. सभेला हजेरी तुरळक असते, त्यामुळे चार-पाच कुटुंबांनी मिळून मांडलेला ठराव दुर्लक्षित करता येत नाही. ठरावात मोजकी कलमं पुरेत. जो कोच आपल्या वयोगटाची हिवाळी निवड करतो त्याने त्याच गटाचा सशुल्क बिगरहंगामी संघ चालवू नये, किंवा चालवायचा असेल तर त्या गटाची निवड बाहेरच्या परीक्षकांनी करावी. ट्रायआउटच्या वेळी मुलांच्या जर्सीवर फक्त क्रमांक असावेत, आणि बिगरहंगामी सहभागाची नोंद गुणपत्रिकेत नसावी. संघटनेच्या यादीवरून कुठल्याही लीगची जाहिरात पाठवण्याआधी त्या लीगची मान्यता, विमा, संघातल्या खेळाडूंची कमाल संख्या, खेळवण्याच्या वेळेचा नियम आणि फी परतीची अट त्या ईमेलमध्येच लिहिलेली असावी. आणि हिवाळ्याचा शेवटचा सामना झाल्यापासून किमान चार आठवडे संघटनेच्या नावाने कुठलाही संघ बर्फावर उतरू नये. सभेची तारीख आणि ठराव देण्याची मुदत संघटनेच्या नियमावलीत असते. ती मुदत अनेकदा सभेच्या कित्येक आठवडे आधी संपते, म्हणून नियमावली फेब्रुवारीतच काढून वाचावी.